‘आधी’च्या फोटोतली हिराताई

फोन संगीताचा होता. मी गवार मोडत बसले होते. मोबाइल खांद्यानं कानाशी दाबला आणि नेहमीसारखं "बोल गं" म्हटलं. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "शोभामावशी, आई गेली." सकाळी भाकऱ्या थापताना हिराताईच्या छातीत कळ आली, ती चुलीपुढेच कलंडली आणि रिक्षा शहापूरच्या दवाखान्यापर्यंत पोचायच्या आत सगळं संपलं. मी तिच्या सापगावात शिरले तेव्हा तिला अंगणात आणून ठेवलं होतं. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. कुणी अडवलं नाही, कदाचित माझ्या तोंडाकडे बघून अडवायचं धाडस झालं नसेल. अग्नी दिल्यावर रीतीप्रमाणे 'दोन शब्द' झाले. हिराताईशी आयुष्यात कधी धड न बोललेले एक पुढारी घसा खाकरून म्हणाले, "हिराबाई अत्यंत साध्या, सोशिक आणि अबोल होत्या…" मी भाटसा नदीकडे तोंड फिरवून उभी राहिले, कारण मला हसू येईल की रडू, याचा मलाच भरवसा नव्हता.

अबोल! जिचा आवाज कर्ण्यातून टोकावड्यापासून किन्हवलीपर्यंत घुमला, ती अबोल. आणि सोशिक? सोसणं म्हणजे काय ते हिराताईला माहीत होतं, म्हणूनच कुठे सोसायचं नाही हेही तिला पक्कं ठाऊक होतं. मेलेल्या बाईला सोशिक म्हणायची आपल्याकडे फार घाई असते. ती उठून 'नाय' म्हणू शकत नाही ना आता! तिच्या वतीनं ते 'नाय' म्हणण्यासाठी मी हे लिहिते आहे.

आमची गाठ पडली ती जाहिरातीमुळे. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. गावात एखाद्याच घरी टीव्ही, आणि संध्याकाळी त्या घराची ओटी माणसांनी भरलेली. लोक मालिका बघायला येत असं म्हणतात, पण मालिका दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात नसे. लक्षात राहायच्या त्या जाहिराती. आवणीच्या वेळी भाताची रोपं लावत गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका एकेकाळी आपली जुनी गाणी धरायच्या, त्या टूथपेस्टची आणि चहाची गाणी म्हणायला लागल्या होत्या. पोरं साबणाला साबण म्हणत नव्हती, त्याच्या नावानं हाक मारत होती. आमच्या तालुक्यांत जेवढी माणसं त्या दशकात वर्तमानपत्रं वाचत असतील, त्याहून कितीतरी अधिक माणसं जाहिराती पाठ म्हणत होती. मी नुकती बारावी झाले होते. 'लख्ख' नावाच्या धुण्याच्या पावडरीच्या कंपनीनं प्रचाराची गाडी काढली होती आणि तिला स्वच्छ उच्चाराची मुलगी हवी होती. माझे उच्चार स्वच्छ होते, घरची परिस्थिती तितकी नव्हती, म्हणून मी त्या पिवळ्या मॅटाडोरमध्ये चढले. गाडी चालवायला बबन, कागद वाचायला मी आणि कपडे धुऊन दाखवायला मुंबईहून आलेली एक नाजूक मुलगी.

सापगावात पहिल्यांदा गाडी लावली तेव्हा ती नाजूक मुलगी दोन बोटांत शर्ट धरून बादलीत बुचकळत होती. गर्दीतून आवाज आला, "बाय गो, असा गोंजारून माज्या नवऱ्याचा शर्ट जन्मात निघायचा नाय!" लोक हसले. बोलणारी बाई पदर खोचून पुढे आली, मुलीला हलकेच बाजूला सारलं आणि शर्ट असा घासला की फेस बबनच्या चपलांपर्यंत उडाला. सावळी नव्हे, चांगली काळी, उंच, पुढचे दात किंचित फाकलेले, आणि डोळ्यांत सदा एक चेष्टा. ती हिराताई. माहेर सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतलं, नवरा सापगावच्या भाताच्या गिरणीत. पुढच्या आठवड्यात ती नाजूक मुलगी मुंबईला परत गेली आणि तिच्या जागी हिराताई आली.

तिनं आल्याआल्या एक नियम घातला. कंपनी आम्हाला आधीच मळवलेले कपडे देत असे. हिराताईनं ते गाठोडं गाडीच्या फळीखाली ढकललं ते ढकललंच. "आपला मळ आपन आनायचा आनि आपनच धुवायचा, तो काय खेळ हाय? मळ लोकांचा पायजे." म्हणून ती दर बाजारात गर्दीतल्या कुणाकडे तरी अंगावरचा कपडा मागायची. मधोमध गाठ मारायची, गाठीच्या एका बाजूचं धुवायची, दुसरी बाजू तशीच ठेवायची, मग गाठ सोडून कपडा दोन्ही हातांनी वर धरायची. बोलायची नाही काही. लोकच बोलायचे. म्हसा गावच्या जत्रेत वैशाखऱ्याच्या एका म्हाताऱ्यानं आपली टोपी दिली आणि निम्मी पांढरी, निम्मी मातकट टोपी घालून तो दिवसभर बैलबाजारात मिरवत राहिला. पुढे मुरबाडच्या बाजारात आम्हाला गाठून म्हणाला, "काय गो, उरलेली कवा धुनार? लोक मना इचारतान." हिराताई म्हणाली, "बाबा, घरी म्हातारी हाय ना? मंग पुडी घे नि तिला सांग… नायतर तूच धू, हात झिजायचं नाय!" त्यानं पुडी घेतली. माझा स्वच्छ उच्चारांचा कागद तोवर कुठल्यातरी आसनाखाली गेला होता आणि मी नुसती माइक धरत होते.

हे मुद्दाम सांगते, कारण हिराताईला जाहिरातीचा राग नव्हता. तिला ते काम मनापासून आवडायचं. वाडीतून आलेल्या बाईला चार माणसांत उंच आवाजात बोलायची मुभा कोण देत होतं तेव्हा? ग्रामसभेत नाही, देवळात नाही. पावडरीच्या गाडीनं दिली. ती गाडीकडे हात करून म्हणायची, "ह्या डब्ब्यापाशी उभा रायला की मना आयकतान सगली." अनेक वर्षं आम्ही शहापूर आणि मुरबाडचे बाजार फिरलो. बायकांनी तिच्या सांगण्यावरून पावडर घेतली आणि पावडर चांगली होती, तिनं कधी कुणाला फसवलं नाही. माझं लग्न झालं, नवरा शहापूरचाच, तरी मी गाडीवर जात राहिले. तिची संगीता तोवर शहापूरच्या हायस्कुलात जायला लागली होती. आईचंच नाक, आईचाच रंग, आणि आईसारखं नाही ते एकच, ती फार लाजायची.

मग कंपनीनं गोरं करणारी क्रीम काढली. तिचं नाव मी लिहिणार नाही, फुकट जाहिरात कशाला करू? तेव्हा टीव्हीवर अशा क्रीमांचा नुसता पूर आला होता. काळी मुलगी खाली मान घालून बसलेली, तिला नोकरी नाही, स्थळ नाही. मग ती तोंडाला काहीतरी चोळते आणि जग तिच्यापुढे पायघड्या घालतं. आमच्याकडे उन्हात राबणाऱ्या माणसांचा रंग काळाच. वाड्यांमध्ये पोरगी बघताना हात चालतो का, भात लावता येतो का, हे विचारायची पद्धत होती. त्या जाहिराती आल्या आणि गिरणीत पोती उचलणारा पोरगाही 'गोरी पायजे' म्हणायला लागला. मी हे ऐकीव सांगत नाही. माझ्याच ओटीवर बसून सांगितलेली स्थळं आहेत ही.

कंपनीचा साहेब ठाण्याहून आला. वाईट माणूस नव्हता, आम्हाला 'ताई' म्हणायचा, चहा आमच्याबरोबर टपरीवर प्यायचा. त्यानं हिराताईकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उजळला. म्हणाला, "अहो, आपल्याला बाहेरून कुणाला आणायचीच गरज नाही!" गाडीवर दोन फोटो लावायचे होते. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. 'नंतर'ची कुणी मुंबईची मुलगी होती. 'आधी' म्हणून हिराताईला स्टुलावर बसवलं. फोटोवाला म्हणाला, "जरा उदास बसा." ती म्हणाली, "कशापायी? मना काय झालाय?" तो म्हणाला, "असंच… खाली बघा थोडं." तिला हे नवं कामही धुण्यासारखंच वाटलं होतं. काम आहे तर करायचं. ती खाली बघून बसली. आठवड्याभरात पिवळी मॅटाडोर गुलाबी झाली आणि तिच्या अंगावर हिराताईचं, माणसाएवढं, मान खाली घातलेलं तोंड आलं.

ती गुलाबी गाडी शहापुरात फिरली आणि हायस्कुलाच्या फाटकासमोरूनही गेली. त्या दिवसापासून वर्गात संगीताला तिच्या नावानं कुणी हाक मारेना. पोरी तिला 'आधी' म्हणायला लागल्या. "ए आधी, वही दे." "आधी आली रे!" महिनाभर पोर घरी काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी, मी तिथे असताना, ती दप्तर टाकून आईपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "त्या फोटोत तू का गेलीस? सगळ्या गावाला दाखवायला, की आमी असे आहोत म्हणून?" हिराताई तांदूळ निवडत होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पोरगी आत निघून गेली आणि दाराआडून आम्हाला दिसली ती कोनाड्यातल्या आरशासमोर. त्याच क्रीमची पुडी दातांनी फोडत होती. आईच्या पिशवीतली, वाटपासाठी दिलेल्या नमुन्यांतली पुडी… हिराताईच्या तोंडावर मी त्या दिवशी जे पाहिलं ते फोटोवाल्यानं कितीही सांगितलं असतं तरी तिला जमलं नसतं.

त्यानंतरचा मुरबाडचा बाजार. गाडी सुक्या मासळीच्या ओळीजवळ लावली होती. साहेब जातीनं हजर होता, कारण त्या दिवशी नवा प्रयोग करायचा होता. हिराताईनं स्टुलावर बसायचं, तिच्या अर्ध्या तोंडाला क्रीम लावायची, अर्धं तसंच ठेवायचं. गाठ मारलेल्या कपड्यासारखं. मी माइकवर 'आधी… आणि नंतर!' म्हणायला तयार होते. हिराताई स्टुलावर बसली नाही. गाडीच्या फळीखाली हात घालून तिनं जुनं घमेलं ओढलं, 'लख्ख'ची उरलेली एक पुडी काढली आणि बबनला म्हणाली, "पानी वत रे." बबननं साहेबाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पाणी ओतलं.

तिनं माझ्या हातातून माइक घेतला. गर्दी ओळखीचीच होती, इतकी वर्षं तिच्याकडे कपडे फेकणारी. कुणीतरी ओरडलं, "आज कोनाचा कपडा?" ती म्हणाली, "आज माजाच हाय." माइक परत माझ्या हातात देऊन, बाही वर सारून तिनं कोपरापर्यंत हात फेसात बुडवला आणि घासायला लागली. तशीच, शर्ट घासायची तशी. पावडर कातडीला झोंबते, ज्यांनी धुणी धुतली आहेत त्यांना माहीत आहे. ती घासत राहिली. मग पाणी टाकलं, माझ्याकडे पांढरा टॉवेल मागितला, हात खसाखसा पुसला आणि टॉवेल दोन्ही हातांनी उंच धरला.

"बगा. काय लागला का टावेलाला?"

"नाय," पुढच्या बायका म्हणाल्या.

"इतकी वरसा तुमी मना मळ काढताना बगताव. माजा कदी खोटा निघालाय का? मंग आयका. मळ असता तं निघाला असता. डाग असता तं निघाला असता. ह्यो मळ नाय नि रोग नाय. ही माजी कातडी हाय, माज्या आयशीची अशीच होती. ही धुवायची नसते." मग तिनं ओला हात गाडीकडे केला. "आनि ती उदास बाई दिसते ना, ती मी. मना सांगितलेला उदास बस म्हनून. मना काय पन झाला नव्हता!"

मग सुकटवाली एक म्हातारी, तिच्याहून काळी, आपला हात वर करून ओरडली, "माजा पन धू गो हिरा!" आणि जो हशा उसळला तो उपहासाचा नव्हता. बायका एकमेकींचे हात धरून हसत होत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. मीही माइक हातात धरून हसत होते. साहेब गर्दीतून वाट काढत आला, तोंड पांढरंफटक. "हिराबाई, हे काय केलंत तुम्ही?" तिनं टॉवेल खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमीच शिकवलाव ना, लोकांसमोर धुवून दाखवायचा. दाखवला."

त्या दिवशी आम्ही एसटीनं परत आलो. तिला कामावरून काढलं, आणि मीही उतरले. त्यात शौर्य काही नव्हतं, तिच्याशिवाय त्या गाडीत मी करणार तरी काय होते? आता कुणाला वाटेल की मुरबाडच्या बाजारात क्रांती झाली. छे! पुढच्याच आठवड्यात त्याच बाजारात, त्याच क्रीमच्या पुड्यांच्या माळा टपऱ्यांपुढे लटकत होत्या आणि खपत होत्या. फोटो तेवढा बदलला, 'आधी'ची दुसरी कुणी आणली. आणि जिच्यासाठी हिराताईनं हे केलं ती घरी वाट बघत बसली होती ती हे ऐकवायला, "आता तर बाजारात तमाशापण केलास. पोरी उद्या काय म्हणतील?"

संगीता क्रीम लावत राहिली, दहावीला, बारावीला, नंतर शहापुरात नोकरीला लागल्यावरही, आणि आईनं तिची पुडी कधी हिसकावली नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "सगळ्या तालुक्याला सांगितलंस, हिला सांग की!" ती म्हणाली, "तिचा तोंड हाय शोभे. तिनाच ठरवायचा. मी सांगितला तं मी नि तो फोटोवाला एकच झालाव ना?" पण हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. जगाला न घाबरणारी ही बाई एकाच गोष्टीला भीत होती, पोरीला आपली लाज वाटते या गोष्टीला. शाळेत खिचडी शिजवायचं काम ती नंतर करू लागली, तिथेही कुणा गुरुजींना, कुणा सरपंचाला तिनं सोडलं नाही. संगीताच्या लग्नात नवरीला पार्लरवालीनं पिठासारखं पांढरं केलं होतं. फोटोग्राफर हिराताईला म्हणाला, "काकी, थोडी पावडर लावा, फोटो डार्क येतोय." ती म्हणाली, "तुज्या फोटोला लाव." नवरी दुसरीकडे बघत होती. मायलेकींमध्ये तो विषय तसाच राहिला, आणि तो बोलायचा राहूनच आई गेली.

दशक्रियेच्या आधी सापगावच्या नाक्यावर फलक लागला. हल्ली माणूस मेलं की फ्लेक्स लागतोच, गावातल्या मंडळानं हौसेनं लावला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली', दोन्हीकडे समया, आणि मधे… मी रिक्षातून उतरले आणि पाहतच राहिले. नाक हिराताईचं, फाकलेले दात हिराताईचे आणि रंग दुधात हळद टाकल्यासारखा. गाल गुलाबी. ओठही गुलाबी. माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की तो फलक तिथेच ओरबाडून काढावा. मी तरातरा हिराताईच्या घराकडे निघाले, तर ती वाटेतच भेटली, पायात चप्पल घालून, हातात आईचा जुना पासपोर्ट फोटो. डोळे सुजलेले. म्हणाली, "पाहिलंस?" आणि मी काही म्हणायच्या आत, "चल माझ्याबरोबर."

शहापुरातल्या फ्लेक्सवाल्याचं दुकान चिंचोळं होतं. ऑपरेटर संगणकावर कुणाच्या तरी वाढदिवसाचं काम करत होता. संगीतानं फोटो त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "ताई, आमी सगळ्यांचंच उजळ करतो. उठून दिसतं. कोण नाही म्हणत नाही." ती म्हणाली, "मी म्हणते." तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. त्यानं चेहरा पडद्यावर उघडला, माऊस हलवला, गालांचा रंग जरा उतरला.

"अजून," संगीता म्हणाली.

त्यानं आणखी उतरवला.

"अजून."

"ताई, आता काळी दिसतील."

"काळीच होती." तिची नजर पडद्यावरून हलली नाही. "अजून कर. मी सांगते कुठं थांबायचं ते."

मी तिच्यामागे उभी होते. पडद्यावर हळूहळू हिराताई येत गेली. कपाळ आलं, उन्हानं रापलेली हनुवटी आली, डोळ्यांभोवतीची गर्द कडा आली… आणि मग संगीतानं हात वर केला, आणि तोच हात तोंडावर दाबून ती रडली. बाजारात तिच्या आईनं टॉवेल उंच धरला होता तेव्हा ती तिथे नव्हती. या वेळी ती होती, आणि हिराताई नव्हती, याचा राग मला अजून आवरत नाही.

दशक्रिया झाल्यावर फलक उतरवतात. पहिला, दुधाळ चेहऱ्याचा, संगीतानं सरपणाच्या ढिगावर पांघरला आहे, छापील बाजू खाली करून. दुसरा, आम्ही करून आणलेला, तिनं आपल्या घराच्या पडवीत आतल्या भिंतीला ठोकलाय, दाराएवढा. मी गेल्या आठवड्यात गेले तेव्हा ती तिथेच भांडी घासत बसली होती. तोंडाला काही लावलेलं नव्हतं. पडवीत उजेड बेताचाच असतो. मी म्हटलं, "अगं, बाहेरून येणाऱ्याला इथं आई नीट दिसत नाही. पुढच्या भिंतीला लाव ना, उजेडात."

संगीतानं मागे वळूनही पाहिलं नाही. घासता घासता म्हणाली, "ज्याला दिसत नाय, त्यानं जवळ यावा."